गुलाबी बाथरूमची किंमत किती? जुन्या घरांवरचे आकडे संशोधकाने कसे वाचावेत

समजा, अमेरिकेतल्या एखाद्या उपनगरात १९५५ साली बांधलेलं घर विकायला निघालंय. बाथरूममध्ये गुलाबी टाईल्स, गुलाबी बेसिन, गुलाबी टब. त्या दशकात ही फॅशन जोरात होती. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांच्या गुलाबी रंगाच्या आवडीशी तिचं नाव आजही जोडलं जातं. टाईल्स शाबूत आहेत, नळ गळत नाहीत, फक्त रंग आजचा नाही. मालकापुढे प्रश्न एकच आहे: हे असंच ठेवून विकायचं, की फोडून नवीन करून विकायचं?

प्रश्न घरगुती आहे, पण त्यात मालकाचे हजारो डॉलर अडकलेत. याची उत्तरं देणारे आकडेही भरपूर मिळतात. अडचण अशी की त्यातले बरेचसे आकडे भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतात. पीएचडीच्या तयारीत असलेल्यांनी हे नीट समजून घ्यावं, कारण उद्या तुम्ही घरांवर काम करा की शाळांवर, ही फसगत तीच असते. म्हणून आज तीन प्रकारचे पुरावे घेऊन बघू.

आधी पद्धत काय आहे?

या विषयातलं बहुतेक काम ‘हेडॉनिक किंमत’ या पद्धतीने होतं. मूळ कल्पना सोपी आहे. आपण वस्तू विकत घेतो म्हणजे खरं तर तिच्यातले गुण विकत घेतो, असं केल्विन लँकास्टर यांनी १९६६ मध्ये मांडलं. शर्विन रोझेन यांनी १९७४ च्या लेखात त्याला बाजाराचं गणित दिलं. घर म्हणजे गुणांचं गाठोडं: क्षेत्रफळ, खोल्या, परिसर, वय, बाथरूम. हजारो विक्रींचा डेटा घ्यायचा, रिग्रेशन चालवायचं, की प्रत्येक गुणाच्या वाट्याला एक गुणांक येतो.

आता लक्ष द्या. रोझेन यांच्या मांडणीत हा गुणांक म्हणजे, बाजारात वेगवेगळ्या आवडींचे खरेदीदार आणि वेगवेगळी घरं असलेले विक्रेते जिथे जुळतात, तिथली किंमत. ‘प्रत्येक माणूस या गुणासाठी इतके पैसे देईल’ असं तो सांगत नाही. ‘तुमच्या घरात हा गुण बसवला तर इतके पैसे जास्त मिळतील’ असं तर मुळीच सांगत नाही. लोकप्रिय आकडे मात्र नेमके असेच वाचले जातात.

पहिला पुरावा: निळी बाथरूम

झिलो या घरविक्रीच्या अमेरिकी कंपनीने २०१७ मध्ये विकल्या गेलेल्या घरांचे ३२ हजारांहून जास्त फोटो तपासले. निष्कर्ष असा की निळ्या बाथरूमची घरं अपेक्षेपेक्षा ५,४४० डॉलर जास्त किमतीला गेली. पुढच्या वर्षी काळ्या किंवा कोळशाच्या रंगाच्या मुख्य दाराला ६,२७१ डॉलर जास्त मिळतात, असं त्यांनी सांगितलं. बातम्या झाल्या, लोकांनी रंगाचे डबे आणले.

घराचा आकार, वय, ठिकाण वगैरे गोष्टी हिशोबात धरल्या होत्या. तरीही एक साधा प्रश्न विचारा: रंगाच्या डब्याने खरंच पाच हजार डॉलर मिळत असते, तर एकाही विक्रेत्याने बाथरूम दुसऱ्या रंगात का ठेवली असती? बाजारात एवढा सोपा पैसा पडून असेल, तर आधी आपल्या मापनावर संशय घ्यावा.

बाथरूमला विचार करून फिकट निळा रंग देणारा मालक आणखी काय काय करतो, ते बघा. तो नळ बदलतो, आरसा बदलतो, टॉवेलसुद्धा जुळवून लावतो, चांगला फोटोग्राफर बोलावतो. यातलं काहीच डेटात नाही. सगळ्याचं श्रेय एकट्या निळ्या रंगाला जातं. वगळलेल्या चलाचा दोष म्हणतात तो हाच.

दुसरी गोष्ट फोटोंची. ज्याची बाथरूम बघवत नाही, तो तिचा फोटो जाहिरातीत टाकतच नाही. म्हणजे ज्या घरांबद्दल आपल्याला प्रश्न आहे, तीच नमुन्यातून गळतात. ३२ हजार हा आकडा मोठा आहे, पण नमुना मोठा केल्याने ही गळती भरून निघत नाही.

गुलाबी रंग की जुनं वायरिंग?

हीच गोष्ट आपल्या गुलाबी बाथरूमला लावू. एखादी १९५५ ची बाथरूम आजपर्यंत टिकली याचा अर्थ काय? बहुधा त्या घरात दशकानुदशकं फारसं काम झालेलं नाही. मग छप्पर, वायरिंग, पाइपही जुनेच असण्याची शक्यता जास्त.

कागद-पेन घ्या. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. समजा १०० घरं आहेत, ५० गुलाबी बाथरूमची आणि ५० बिगर-गुलाबी. गुलाबी घरं सरासरी २० हजार डॉलरने स्वस्त जातात. गुलाबीपैकी ४० घरांचं वायरिंग आणि छप्पर जुनं आहे, बिगर-गुलाबीपैकी फक्त १० घरांचं. जुन्या वायरिंग-छपरामुळे घराची किंमत ३० हजारांनी पडते. मग गुलाबी गटाला त्यापायी सरासरी २४ हजारांचा फटका बसतो आणि दुसऱ्या गटाला ६ हजारांचा. फरक १८ हजारांचा. म्हणजे २० पैकी १८ हजार वायरिंग-छपराचे आणि गुलाबी रंगाचे फक्त २ हजार.

ज्या संशोधकाकडे वायरिंगचा डेटा नाही, तो प्रामाणिकपणे लिहील की गुलाबी बाथरूममुळे २० हजारांचं नुकसान होतं. त्याच्या भरवशावर मालक २५ हजार खर्चून बाथरूम फोडेल आणि २ हजारांचा तोटा भरून काढेल. वायरिंग आहे तिथेच राहील. गुणांक चुकला तर कुणाच्या खिशाला किती भोक पडतं, ते यात दिसतं.

‘जुनाट’ हा चल नाही

‘जुनाट वैशिष्ट्ये’ असा एकच रकाना करून त्यात शून्य-एक भरणं, ही या विषयातली आणखी एक गफलत. या एका शब्दात किमान तीन वेगळ्या गोष्टी लपतात.

पहिली आवड: गुलाबी टाईल्स, सत्तरच्या दशकातली अ‍ॅव्होकॅडो-हिरव्या रंगाची स्वयंपाकघरं. दुसरी अवस्था: चिरलेली टाईल, गळणारा पाइप. तिसरी धोका. अमेरिकेत छतावर खरखरीत फवारा मारायची फॅशन होती, ज्याला ते पॉपकॉर्न सीलिंग म्हणतात. त्यात अनेकदा अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. सजावटीसाठी असा फवारा मारण्यावर १९७८ मध्ये बंदी आली. घरांसाठी शिशाच्या रंगावरची बंदीही त्याच वर्षीची. १९७८ पूर्वीचं घर विकताना शिशाच्या रंगाबद्दल माहिती असेल ती खरेदीदाराला देणं तिथे १९९६ पासून बंधनकारक आहे.

आता पॉपकॉर्न छताच्या घराला कमी किंमत मिळाली, तर ती दिसायला वाईट म्हणून, की तपासणीचा आणि काढण्याचा खर्च डोक्यावर आहे म्हणून? दोन्ही कारणांना गुणांक एकच येतो, पण मालकाला द्यायचा सल्ला वेगवेगळा आहे. चलाची व्याख्या करताना घाई केली, की नंतर कितीही भारी सॉफ्टवेअर वापरलं तरी उपयोग नसतो.

दुसरा पुरावा: ‘खर्च वसूल’चे टक्के

अमेरिकेत ‘कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू’ नावाचा वार्षिक अहवाल निघतो. कोणत्या दुरुस्तीचा किती टक्के खर्च विक्रीत वसूल होतो, ते त्यात असतं. २०२४ च्या अहवालात मध्यम दर्जाच्या बाथरूम नूतनीकरणाचा खर्च सुमारे २५ हजार डॉलर आणि वसुली सुमारे ७४ टक्के दाखवली आहे. म्हणजे त्यांच्याच हिशोबाने बाथरूम फोडणाऱ्याचा सरासरी तोटाच होतो.

पण हाही आकडा डोळे झाकून घेऊ नका. त्याच अहवालात गॅरेजचा दरवाजा बदलण्याची वसुली २०२३ मध्ये सुमारे १०३ टक्के होती आणि २०२४ मध्ये सुमारे १९४ टक्के. वर्षभरात दरवाजे तेच, घरं तीच, मग वसुली जवळपास दुप्पट कशी झाली? कारण इथली ‘वसुली’ प्रत्यक्ष विक्रीतून मोजलेली नाही. घरविक्रीतल्या व्यावसायिकांना अंदाज विचारून ती काढलेली असते. मत आणि मोजमाप यांतला हा फरक आहे. मत निरुपयोगी नसतं, पण ते मत आहे हे आकड्याशेजारी लिहिलेलं असावं.

तिसरा पुरावा: अंदाज देणाऱ्याचं हित

इथे स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन यांचा २००८ चा अभ्यास उपयोगी पडतो. मला तो या तिन्हींत सर्वांत भक्कम वाटतो. शिकागो परिसरातल्या सुमारे १ लाख घरविक्री त्यांनी घेतल्या आणि विचारलं: एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा वेगळं वागतो का? उत्तर आलं, हो. एजंटांची स्वतःची घरं सुमारे ३.७ टक्के जास्त किमतीला गेली आणि सुमारे ९.५ दिवस जास्त बाजारात राहिली.

तुलना किती नेमकी आहे बघा. कौशल्य तेच, बाजार तोच, बदललं ते फक्त हित. गिऱ्हाइकाचं घर १० हजार डॉलर जास्त मिळवून विकलं, तर दलालीतून एजंटच्या हातात जेमतेम १५० डॉलर पडतात. तेवढ्यासाठी तो आणखी दहा दिवस कशाला थांबेल?

आता मागचा अहवाल पुन्हा वाचा. एजंट म्हणतो, ‘बाथरूम नवीन करा, घर लगेच जाईल.’ खर्च मालकाचा, लवकर सुटका एजंटची. तो खोटं बोलतो असं नाही. तो त्याच्या प्रश्नाचं उत्तर देतो, मालकाच्या नाही.

जाहिरातीतल्या शब्दांवरचं लेव्हिट यांचं निरीक्षणही प्रसिद्ध आहे: ग्रॅनाइट, मेपल असे शब्द जास्त किमतीशी जोडलेले दिसतात, तर ‘चार्मिंग’ हा शब्द कमी किमतीशी. जुन्या घरांच्या जाहिरातीत ‘चार्मिंग’ हमखास असतं. म्हणून जुनेपण किमतीला मारक आहे का? तसं म्हणता येत नाही. ओट्यावर ग्रॅनाइट असेल तर एजंट ग्रॅनाइट लिहितो. लिहिण्यासारखं काही नसेल तेव्हा ‘चार्मिंग’ लिहितो. शब्द हे लक्षण आहे, कारण नव्हे.

फायदा की तोटा? कधीकधी दोन्ही

डोनाल्ड हॉरिन यांनी १९८८ मध्ये मांडलेला मुद्दा इथे विसरला जातो. चारचौघांसारखं नसलेलं घर असेल, तर त्याला येणाऱ्या बोली जास्त पसरलेल्या असतात. कुणी नाक मुरडतो, कुणी भाळतो. त्यामुळे थांबण्यात अर्थ असतो आणि असं घर बाजारात जास्त दिवस राहतं.

म्हणजे गुलाबी बाथरूम सरासरी बोली खाली आणेल, पण एखादी बोली वरही नेऊ शकेल. विकायला घर एकच असतं आणि खरेदीदारही एकच लागतो. ज्याच्याकडे सहा महिने आहेत आणि ज्याला महिन्याभरात गाव सोडायचंय, त्या दोघांसाठी उत्तर वेगळं आहे. फक्त किंमत मोजून दिवस न मोजणारा अभ्यास म्हणूनच अर्धा आहे.

हेच पुण्या-मुंबईत करायचं असेल तर

जुन्या मोझॅक फरशीवर किंवा कडप्प्याच्या ओट्यावर असा अभ्यास करावा असं कुणालाही वाटेल. कल्पना चांगली आहे, पण डेटा आधी बघा. आपल्याकडच्या इंडेक्स-२ मध्ये मोबदला, क्षेत्रफळ, मिळकतीचं वर्णन मिळतं. फरशी कोणती हे मिळत नाही. शिवाय मोझॅक असते जुन्या इमारतीत, आणि जुन्या इमारतीच्या किमतीत पुनर्विकासाची आशा मिसळलेली असते. तुमचं रिग्रेशन सांगेल की मोझॅकमुळे किंमत वाढते. प्रत्यक्षात खरेदीदार इमारत पाडली जाण्याची वाट बघत असेल!

म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं एका पानावर लिहा. तुलना नक्की कशाशी: नव्या बाथरूमशी, की नव्या बाथरूमचा खर्च वजा करून? ही वैशिष्ट्यं कुणाच्या घरात टिकली आणि का? किंमत, लागलेले दिवस आणि खर्च, तिन्ही मोजताय का? आणि आकडा देणाऱ्याचं हित कशात आहे?

मार्गही आहेत. बऱ्याच अमेरिकी शहरांत बांधकाम परवान्यांच्या नोंदी खुल्या असतात; त्यावरून कोणत्या घराचं वायरिंग कधी बदललं हे काही अंशी कळतं. नाहीतर एकाच घराचे फोटो घ्या, संगणकावर फक्त टाईल्सचा रंग बदला आणि कुणाला कोणता फोटो दाखवायचा ते चिठ्ठी टाकून ठरवा. लोक तोंडाने सांगतात तितके पैसे देतीलच असं नाही, ही त्याची मर्यादा. पण तिथे बदललेली गोष्ट खरोखर एकच असते.

आणि त्या मालकाला काय सांगायचं? हातातल्या पुराव्यावरून इतकं म्हणता येतं: वायरिंग, छप्पर आणि गळती आधी तपासा, अ‍ॅस्बेस्टॉसची शंका असेल तर चाचणी करा, बाथरूम स्वच्छ घासा आणि हाताशी वेळ असेल तर गुलाबी टाईल्सना हात लावू नका. त्या फोडाव्यात असं सांगणारा भक्कम पुरावा या तिन्हींत कुठेच नाही.