अ‍ॅस्ट्रोव्हायरसचे प्रयोगशालेय निदान : नकारार्थी अहवालाची मर्यादा

१९७५ मध्ये मॅडली व कॉसग्रोव्ह यांनी अतिसार झालेल्या बालकांच्या विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे २८ नॅनोमीटर आकाराचे कण पाहिले आणि त्यांवरील पाच-सहा टोकांच्या ताऱ्यावरून अ‍ॅस्ट्रोव्हायरस हे नाव रूढ केले. वस्तुतः हा तारा जेमतेम दहा टक्के कणांवर स्पष्ट दिसतो. शिवाय ग्रॅमभर विष्ठेत दहा लाखांहून अधिक कण नसतील, तर ही पद्धत बहुधा निष्फळ ठरते. परिणामी हा विषाणू प्रदीर्घ काळ दुर्मीळ समजला गेला; ते दुर्मीळपण बव्हंशी पद्धतीचेच होते.

ट्रिप्सिनच्या साहाय्याने पेशीसंवर्धन १९८१ मध्ये साध्य झाले; परंतु नित्याच्या निदानास ते संथ व खर्चिक होय. खरा पालट घडविला तो मोनोक्लोनल प्रतिपिंडांवर आधारित एलायझाने आणि त्यानंतर आरटी-पीसीआरने. या दोन्ही पद्धतींचे गुणगान पाठ्यपुस्तकांतून विपुल आढळते. तथापि त्यांची रचना मानवी अ‍ॅस्ट्रोव्हायरसच्या तेव्हा ज्ञात असलेल्या आठ प्रकारांवर बेतलेली होती, याचा उल्लेख क्वचितच केला जातो. २००८ मध्ये एमएलबी-१ व २००९ मध्ये व्हीए-१ हे अगदी भिन्न प्रकार उजेडात आले. वेल्लोरच्या बालकांच्या विष्ठेतही अशाच गटांतील विषाणू २००९ मध्ये आढळले. जुने प्रायमर त्यांच्याशी जुळत नाहीत. म्हणजे रुग्णात विषाणू असूनही अहवाल नकारार्थी येऊ शकतो.

हा दोष केवळ तांत्रिक नव्हे. जन्मजात प्रतिकारशक्तीचा अभाव असलेल्या एका पंधरा वर्षीय मुलाच्या मेंदूच्या ऊतीत अ‍ॅस्ट्रोव्हायरस असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तो सापडला कोणत्याही विशिष्ट विषाणूचा पूर्वग्रह न बाळगता केलेल्या जनुकीय क्रमनिर्धारणामुळे. मेंदूज्वरात विष्ठेतील विषाणू शोधण्याचे कोणाच्या मनात यावे?

अर्थात क्रमनिर्धारण हा रामबाण उपाय मानणेही घाईचे ठरेल. निरोगी बालकांच्या विष्ठेतही हा विषाणू सापडतो. सबब त्याचे अस्तित्व आणि त्याचे कारणत्व यांत प्रयोगशाळेने भेद केलाच पाहिजे. त्यासाठी विषाणूचे प्रमाण, रुग्णाची लक्षणे व इतर रोगजंतूंचा शोध यांची सांगड आवश्यक आहे. आणि 'अ‍ॅस्ट्रोव्हायरस आढळला नाही' असे लिहिताना चाचणी कोणत्या प्रकारांपुरती होती, ही एक ओळ अहवालात असावयास हवी. त्यास खर्चही लागत नाही.