'चार नगरांतले माझे विश्व' : परदेशातील संशोधन आणि परतीचा प्रश्न

प्रस्तावना :
विज्ञान व अभियांत्रिकीच्या संशोधक विद्यार्थ्यांना परदेशी पाठविणाऱ्या शिष्यवृत्त्यांची चर्चा आपल्याकडे प्रायः रक्कम, पात्रता आणि अर्जाची मुदत यांपुरती मर्यादित राहते. अशा शिष्यवृत्तीमुळे संशोधकाच्या घडणीत आणि त्याच्या देशातील विद्याव्यवहारात नेमके काय घडते, हा प्रश्न मागे पडतो. डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांचे २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेले आत्मचरित्र या प्रश्नाच्या अनुषंगाने वाचणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नगरकेंद्री रचना :
बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे या चार नगरांभोवती हे आत्मचरित्र उभे आहे. ही केवळ निवेदनाची सोय नव्हे. व्यक्तीपेक्षा तिला घडविणारे विद्यास्थान महत्त्वाचे, ही लेखकाची धारणा या रचनेतूनच व्यक्त होते. चार नगरांत परदेशी नगर एकच आहे आणि ते आरंभी किंवा अखेरीस नसून मधे आहे. त्याच्या आधी बनारस हिंदू विद्यापीठाचे, गणिताचे प्राध्यापक असलेल्या वडिलांचे संस्कार आहेत. नंतर स्वदेशातील दोन संस्था आहेत. केंब्रिज हे शिखर न राहता पूल ठरते, हे या रचनेचे मर्म होय.

अवधीचे मोल :
१९५७ साली नारळीकर जे. एन. टाटा शिष्यवृत्तीच्या साहाय्याने केंब्रिजला गेले. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये स्थापन केलेल्या या निधीचे साहाय्य कर्जरूप असते; एकाने फेडलेली रक्कम पुढच्याच्या उपयोगी पडते. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेनंतर फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन, १९६३ मध्ये पीएच.डी. आणि १९६४ मध्ये हॉइल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धान्त, असा हा क्रम आहे. एवढ्या फलप्राप्तीला सात वर्षे लागली. मार्गदर्शकाशी मतभेद करण्याइतकी जवळीक आणि चुकण्याइतकी सवड, या दोन्ही गोष्टी दीर्घ वास्तव्यातूनच मिळतात.

अलीकडच्या योजनांचे स्वरूप वेगळे आहे. विद्यार्थ्याची नोंदणी भारतीय विद्यापीठातच राहते आणि मधला काही काळ तो परदेशी प्रयोगशाळेत घालवतो. फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल शिष्यवृत्तीत हा काळ सहा ते नऊ महिन्यांचा असतो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या न्यूटन-भाभा निधीतील पीएच.डी. योजनेत तो दोन ते चार महिन्यांचाच होता. या रचनेचा लाभ निर्विवाद आहे : पदवी येथील राहते, मार्गदर्शक येथील राहतो, संशोधकाची नाळ तुटत नाही. परंतु निवास शोधणे आणि प्रयोगशाळेची रीत समजून घेणे यातच पहिले काही आठवडे जातात. दोन महिन्यांत एखादे तंत्र हाती येऊ शकते. विचारपद्धती अंगी मुरणे कठीण.

परतीचा प्रश्न :
फुलब्राइटधारकास त्याच्या प्रवेशपत्राच्या अटीनुसार दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. नियमाने माणूस परत येतो. त्याचे संशोधन परत येईलच असे नाही. ज्या उपकरणावर तो तेथे काम शिकला ते येथे नसेल, तर शिकलेले तंत्र प्रबंधाच्या एका प्रकरणापुरते उरते. नारळीकर १९७२ साली परतले तेव्हा मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी होती. त्यांच्या परतीमागील निष्ठा निःसंशय मोठी. पण त्या निष्ठेला उभे राहायला जागा होती, हेही तितकेच खरे.

याच ठिकाणी या साहित्यप्रकाराची मर्यादा जाणवते. आत्मचरित्र प्रायः ज्याचे परतणे सफल झाले तोच लिहितो. परतून जागा न मिळालेल्या, किंवा जागा नाही म्हणून न परतलेल्या संशोधकाचे आत्मचरित्र आपल्या हाती क्वचितच येते. म्हणून प्रस्तुत ग्रंथ आदर्श म्हणून वाचताना तो अपवाद म्हणूनही वाचला पाहिजे.

पुणे : चौथ्या नगराचा अर्थ :
१९८८ मध्ये पुण्यात 'आयुका'ची स्थापना झाली आणि नारळीकर तिचे संस्थापक संचालक झाले. विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील अध्यापकांनी अभ्यागत सहयोगी म्हणून तेथे यावे, काही काळ संशोधन करावे आणि आपल्या वर्गात परतावे, ही तिची रीत आहे. केंब्रिजमध्ये एका विद्यार्थ्याला जे लाभले, ते परदेशी न जाता अनेकांना लाभावे, अशी ही योजना आहे. कर्जरूप शिष्यवृत्तीची खरी परतफेड येथे दिसते.

समारोप :
परदेशी संशोधनासाठी निधी अवश्य वाढावा. परंतु विद्यार्थ्याला पाठविताना तो परतल्यावर कोठे बसणार, कोणत्या उपकरणावर काम करणार आणि कोणाला शिकविणार, याचा विचार त्याच अर्जात झाला पाहिजे. शिफारसपत्रावर स्वाक्षरी करणारे आपण अध्यापक या विचाराचे पहिले उत्तरदायी आहोत. 'चार नगरांतले माझे विश्व' हा ग्रंथ प्रवासाच्या गौरवापेक्षा या उत्तरदायित्वाची जाणीव अधिक देतो, असे म्हणता येईल.