फोनवर नक्की बोललं कोण?

‘आवाजी सहायक विरुद्ध मानवी सहायक’ अशी तुलना करायला घेताय? मग आधी गूगल ड्युप्लेक्स बघा. मे २०१८ च्या डेमोत त्याने सलूनला फोन करून अपॉइंटमेंट घेतली, मध्येच हुंकारही दिला. सगळे थक्क! पण २०१९ मध्ये गूगलनेच न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं, की सुमारे २५ टक्के कॉल सुरुवातीपासून माणूसच करत होता. यंत्राने सुरू केलेल्यांपैकीही साधारण १५ टक्क्यांत माणूस मध्ये पडत होता. म्हणजे तुमच्या तक्त्यातला ‘यंत्र’ हा रकानाच भेसळीचा. वेळ, खर्च, अचूकता नंतर मोजा. आधी काम कोणी केलं ते विचारा. डेमो म्हणजे पुरावा नव्हे. यंत्र नेमकं कुठे अडलं, तिथे खरा संशोधन-प्रश्न सापडेल.