सेंद्रिय की स्थानिक? दोन शोधनिबंध आणि एक अर्धवट प्रश्न

सेंद्रिय भाजी घ्यावी की जवळपास पिकलेली? या वादात दोन शोधनिबंध हमखास पुढे केले जातात. आज दोन्ही जरा उलगडून बघू. निबंध चांगलेच आहेत, पण त्यातून लोक जे निष्कर्ष काढतात ते मात्र तपासायला हवेत.

पहिला निबंध २००८ सालचा, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या क्रिस्टोफर वेबर आणि स्कॉट मॅथ्यूज यांचा. अमेरिकी कुटुंबाच्या अन्नामुळे जेवढा हरितगृह वायू हवेत जातो, त्यातला वाहतुकीचा वाटा किती, हे त्यांनी मोजलं. सगळी वाहतूक धरून तो निघाला ११ टक्के. उत्पादकापासून दुकानापर्यंतचा शेवटचा प्रवास तर फक्त ४ टक्के. याउलट अन्न पिकवण्या-बनवण्याच्या टप्प्याचा वाटा ८३ टक्के. म्हणजे सगळं अन्न स्थानिक घेण्यापेक्षा आठवड्यातला एक दिवस लाल मांस आणि दूध-दुभतं टाळून भाजी-डाळ खाल्लीत, तर जास्त फरक पडतो.

हा निष्कर्ष भक्कम आहे. जहाजातून आलेल्या मालाचा प्रवास लांबचा असला तरी दर टन-किलोमीटरमागे उत्सर्जन फार कमी असतं. विमानाने तोच माल आणला तर ते सुमारे पन्नासपट होतं. त्यामुळे ‘किती लांबून आलं’ यापेक्षा ‘कशातून आलं’ हे विचारणं जास्त उपयोगाचं.

पण ती टक्केवारी उचलून जशीच्या तशी आपल्या ताटाला लावली की घोटाळा होतो. टक्केवारीला एक छेद असतो, आणि इथल्या छेदात अमेरिकेचं गोमांस बसलंय. त्याच निबंधात लाल मांसासाठी शेवटच्या वाहतुकीचा वाटा जेमतेम १ टक्का आहे, तर फळं-भाज्यांसाठी तो ११ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे तुम्ही आधीच भाजी-भाकरी खाणारे असाल तर तुमच्या ताटात वाहतुकीचा वाटा मोठा दिसणार. वाहतूक काही वाढली नाही, बाकीचं कमी झालं. एकूण उत्सर्जन तरीही कमीच राहील. आणि ताटात भात व दूध भरपूर असेल तर छेद पुन्हा फुगतो, कारण पाणी साचलेल्या भातखाचरातून आणि गाई-म्हशींच्या पोटातून मिथेन निघतो.

दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. या हिशोबात फक्त हरितगृह वायू आहेत, पाणी नाही. सोलापूर किंवा मराठवाड्यातल्या माणसासाठी साखर अगदी ‘स्थानिक’ आहे. पण अवर्षणाच्या पट्ट्यात उसाला किती पाणी लागतं हे कार्बनच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. तेव्हा स्थानिक म्हणजे पर्यावरणाला हलकं, हे समीकरण आपल्याकडे तरी सरसकट चालत नाही.

आता सेंद्रियकडे वळू. मायकल क्लार्क आणि डेव्हिड टिलमन यांनी २०१७ मध्ये ७४२ शेतीपद्धतींच्या नोंदी एकत्र करून तुलना केली. सेंद्रिय शेतीला ऊर्जा कमी लागते, कारण रासायनिक नत्रखत बनवायला भरपूर इंधन जळतं. पण तेवढंच धान्य पिकवायला जमीन जास्त लागते. हरितगृह वायूंचं प्रमाण साधारण सारखंच. नत्र-स्फुरद वाहून जाऊन पाणी बिघडण्याचा धोका तर सेंद्रियमध्ये जास्त. शेणखतातलं नत्र हळूहळू मोकळं होतं, पिकाला हवं तेव्हाच मिळेल याची खात्री नसते. उरलेलं पावसाबरोबर ओढ्यात जातं.

मग सेंद्रियचा निकाल लागला का? इथे मोजमापाचं एकक बघा. ही तुलना दर किलो अन्नामागे, कॅलरीमागे अशी केलेली आहे. तीच दर हेक्टरमागे केली तर सेंद्रिय शेत बऱ्याच बाबतींत उजवं दिसतं, कारण एकरी उत्पादनही कमी असतं. दोन्ही आकडे खरेच. जगाला पोसायचं कसं हा प्रश्न असेल तर किलो धरा. गावच्या ओढ्याचं काय होतंय हा प्रश्न असेल तर हेक्टर धरा. एकक निवडलं की अर्धं उत्तर ठरूनच जातं, आणि बातमीत नेमकं तेच सांगितलेलं नसतं.

शिवाय माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट या दोन्ही निबंधांत नाही: फवारणी करणारा माणूस. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी काही आपण खात नाही, पण पाठीवर पंप बांधून, अंगावर नुसता सदरा घालून फवारणारा माणूस भाजीच्या शेतातही असतोच. कार्बनच्या हिशोबात त्याचं काहीच मोल धरलेलं नाही. हा मुद्दा तुम्हाला महत्त्वाचा वाटत असेल, तर रासायनिक कीटकनाशकं वगळणारी सेंद्रिय शेती जे देते ते ‘स्थानिक’ या शब्दातून आपोआप मिळत नाही. घराशेजारच्या मळ्यातही औषध मारलं जातंच.

थोडक्यात, ‘स्थानिक’ हा शब्द अंतर सांगतो, ‘सेंद्रिय’ पद्धत सांगतो. दोन वेगळ्या प्रश्नांची ही उत्तरं आहेत. त्यांची कुस्ती लावण्यात अर्थ नाही. माझा क्रम असा: आधी पदार्थ कोणता ते बघा, कारण सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. मग हंगाम आणि विमान. मग पाणी. आणि सेंद्रियसाठी चार पैसे जास्त मोजणार असाल तर जरूर मोजा, पण ते हवामानासाठी मोजतोय असं स्वतःला सांगू नका. फवारणाऱ्याच्या जिवासाठी मोजताय असं म्हणा. ते कारण काही कमी मोठं नाही.