‘स्मृतिचित्रे’ : ईश्वरी आज्ञेची कसोटी

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची वाखाणणी आजवर मुख्यतः दोन अंगांनी झाली. रसिकांनी त्यांतील निर्व्याज विनोदाला आणि घरगुती बोलीच्या लाघवाला दाद दिली; ख्रिस्ती समाजाने ते साक्षीचे पुस्तक म्हणून हाती घेतले. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात आम्हांस तिसरीही एक वस्तू दिसते, आणि तिच्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘देवाने मला असे करण्यास सांगितले’ या वाक्याची, कोणताही तात्त्विक आव न आणता केलेली, ती एक चिकित्सा आहे.

हा विषय आमच्या सीमाभागाला परका नाही. बेळगावात लंडन मिशनचे काम १८२० साली सुरू झाले. रोमन कॅथलिक धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला. या परिसरात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत ख्रिस्ती प्रार्थना होतात. त्याच परिसरात सोयरीक, जमीन, विहीर अशा प्रसंगी ग्रामदैवताला कौल लावण्याची रीतही जुनी आहे. देवाला लावलेले फूल उजवीकडून पडले तर होकार, डावीकडून पडले तर नकार. ख्रिस्ती माणूस या कौलाला हसतो खरा; परंतु डोळे मिटून बायबल उघडावे, बोट पडेल ते वचन आज्ञा मानावी आणि त्या जोरावर नोकरी सोडावी, अशी माणसे त्याच्याही समाजात आढळतात. फूल आणि बोट यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाही. दोन्हींत माणसाला उत्तराची घाई असते आणि विचाराचे कष्ट चुकवायचे असतात.

बायबलात मात्र देवाला विचारण्याची याहून प्रौढ रीत आढळते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील कईला नगराचा प्रसंग पाहावा. पलिष्टी लोकांवर चाल करावी काय, असे दावीद देवाला विचारतो आणि होकार मिळतो. परंतु बरोबरची माणसे म्हणतात, आम्हांला भीती वाटते. दावीद त्यांना अविश्वासी ठरवीत नाही. तो पुन्हा देवाला विचारतो. ज्यांचे प्राण पणाला लागायचे, त्यांच्या भीतीलाही त्या विचारण्यात जागा मिळते. प्रेषितांच्या कृत्यांत अंत्युखिया येथे बर्णबा आणि शौल यांना कामासाठी वेगळे करण्याची आज्ञा येते, तीही उपास आणि उपासना करीत असलेल्या मंडळीत. आज्ञा देवाची असते, परंतु ती ऐकण्याचे काम एकट्याचे नसते.

ही कसोटी नारायण वामन टिळकांच्या चरित्राला लावली असता काय दिसते? १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधल्या सुमारे दोन वर्षांत वाचन, मनन आणि अंतरीची झुंज चालली होती. तेव्हा टिळकांनी उतावळेपणा केला, असे कोणी म्हणू नये. प्रश्न वेगळा आहे. ही प्रतीक्षा सर्वस्वी त्यांची होती. तिचे परिणाम मात्र दोघांच्या संसारावर झाले. बाप्तिस्म्याच्या वेळी पत्नी तेथे नव्हती. निर्णयाची किंमत तिने मोजली, निर्णयात तिचा वाटा नव्हता.

लक्ष्मीबाईंची वाट निराळी. टोकाचे सोवळे पाळणाऱ्या वडिलांच्या घरात त्या वाढल्या. पतीच्या धर्मांतरानंतर सुमारे पाच वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही पतीचा धर्म तोच आपला, असे त्यांनी मानले नाही. अन्नपाण्याची शिवाशीव, जातीची उतरंड यांचा त्यांनी आपल्या बुद्धीने विचार केला, एकेक गाठ आपल्या हाताने सोडली आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याला झालेली आज्ञा ही आपल्याला झालेली आज्ञा नव्हे, हे त्या काळच्या स्त्रीने ओळखले. आम्हांस हा या पुस्तकाचा सर्वांत थोर भाग वाटतो.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासीपण पत्करले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याची ही कल्पना काळाच्या पुढची होती. परंतु तिला पुरते दोन वर्षांचेही आयुष्य लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. या वेळी लक्ष्मीबाई त्याच श्रद्धेच्या होत्या. त्यामुळे १८९५ चा आघात पुन्हा झाला नाही. तथापि नियमित वेतन थांबल्यावर संसार कसा चालवावा, हा प्रश्न पुन्हा स्वयंपाकघराच्या वाट्याला आला. आमचे आयुष्य शासकीय सेवेत गेले. तेथे आदेशाखाली सही असते आणि खर्चाची तरतूद कोठून, हे विचारल्यावाचून कागद पुढे सरकत नाही. ईश्वरी आज्ञेखाली सही दिसत नाही; म्हणूनच तरतुदीचा प्रश्न विचारणारे कोणी तरी घरात असणे अधिक अगत्याचे.

यावर एक आक्षेप संभवतो. घरच्यांची संमती येईतो थांबायचे म्हटले, तर अब्राहामाने देश सोडला नसता आणि १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातील निराधार मुलींना आणावयास गेल्या नसत्या. आक्षेप रास्त आहे. काही प्रसंगी विलंब हेच पाप ठरते. परंतु रमाबाईंनी आई-वडील दुष्काळातच गमावले होते. त्या हाकेची पारख त्यांनी भोगलेल्या भुकेने आधीच केली होती. शिवाय संमती आणि विचारपूस या भिन्न गोष्टी आहेत. संमतीवाचून निघावे लागेल. ऐकून घेतल्यावाचून निघू नये.

‘स्मृतिचित्रां’त उणीव नाही असे नाही. जातीचा प्रश्न जितक्या तपशिलाने येतो, तितक्या तपशिलाने ख्रिस्ताविषयीची श्रद्धा येत नाही. लेखिकेची प्रार्थना आपल्याला क्वचितच ऐकू येते. जेथे वेदना असह्य होते तेथे विनोद पुढे होतो, आणि वाचक हसून पुढे जातो. पतीविषयीच्या अपार प्रेमामुळे त्यांनी ठपका कधी ठेवला नाही. वाचकाने मात्र त्या हसण्यामागचा हिशेब वाचावयास हवा.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी नेले. त्यातील बहुतेक अध्याय त्यांच्याच लेखणीचे आहेत. जिला आरंभी विचारले नव्हते तिनेच काम शेवटाकडे नेले. आज कोणा तरुण सेवकाला अंतरी हाक ऐकू आली, तर त्याने गुडघे अवश्य टेकावेत. पण उठल्यावर आधी आपल्या घरातल्या माणसांना विचारावे. कदाचित त्या हाकेचा राहिलेला अर्धा भाग त्यांनाच ऐकू आलेला असेल.