खेळातल्या शत्रूचा तोंडवळा

काळाचौकीतल्या आमच्या खोलीत संध्याकाळी शिकवणीची मुले जमतात. परवा एकाने विचारले, "सर, गेममध्ये लढाईच्या गल्लीत आपल्यासारख्याच पाट्या का असतात?"

आम्हाला 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' (२००९) आठवला. त्यातल्या कराचीच्या पाट्या उर्दूऐवजी अरबीत होत्या. आम्ही वर्गात ट, ड, ड़ ही उर्दू अक्षरे गिरवून घेतो. अरबीत ती नाहीतच. ज्यांच्या गल्लीत गोळ्या झाडायच्या, त्यांची भाषा कोणती, एवढेही पाहिले गेले नाही.

म्हणून पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) आम्ही आस्थेने पाहिला. छोट्या चमूचा हा खेळ. सर्कशीत काम करणारी राजी पळवून नेलेल्या भावाला, गोलूला, शोधते. शत्रू आहेत महाबलासुराचे राक्षस. इथे कोणत्याही जमातीचा माणूस निशाण्यावर नाही, ही मोठीच गोष्ट. दुर्गा आणि विष्णू कथा सांगतात, याचे आम्हाला परकेपण वाटले नाही. आमच्या दास्तानांतही अमीर हम्झा अशाच अक्राळविक्राळ शत्रूंशी झुंजतो. गंमत अशी, की तिथे त्यांना 'देव' म्हणतात! मराठीत ज्याला हात जोडावे, तोच शब्द उर्दू किश्श्यात राक्षस होतो. शत्रू असा भाषा बदलताच बदलतो.

तक्रार आहे ती वेगळी. हे राक्षस जुन्या पराभवाचा सूड घ्यायला आले आहेत, असे कथा सांगते; पण लढताना ते दिसत नाही. समोर येतात, पडतात, संपतात. तोरू इवातानी यांच्या 'पॅक-मॅन'मध्ये (१९८०) चार भुते आहेत, पण लाल पाठलाग करते, गुलाबी पुढची वाट अडवू पाहते, नारिंगी जवळ येऊन मागे वळते. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, म्हणून ती लक्षात राहतात. टोबी फॉक्स यांच्या 'अंडरटेल'मध्ये (२०१५) तर शत्रूशी बोलता येते, त्याला सोडून देता येते.

'राजी'ने शत्रूचा चेहरा जपून निवडला. त्याला मन द्यायचे राहिले. पुढच्या खेळात ते यावे. शत्रूलाही काही म्हणायचे असते, हे खेळता खेळता कळलेले मूल आपल्या गल्लीबाहेरच्या माणसाकडेही जरा थांबून पाहील. आम्हा शिक्षकांना फळ्यावर खडूने हे शिकवणे फार जड जाते.