पद्मिनी की स्कॉर्पिओ: ‘आपली’ गाडी कोणती?

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हा आपल्या फोनवर हळहळीचा पूर आला. नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडलेली २००२ची पहिली स्कॉर्पिओही आता जुनी झालीय. तिच्यासाठी मात्र कुणी उसासा टाकत नाही. असं का?

पद्मिनी मूळची इटलीची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात बनवलेली फियाट ११०० पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, जेमतेम चाळीस हॉर्सपॉवर. पुढची बरीच वर्षं तिच्यात फारसं काही बदललं नाही. लायसन्स-परमिटच्या काळात लोक गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायचे. मग कंपनी कशाला बदलेल? तिचा जो साधेपणा आज आपल्याला गोड वाटतो, तो बराचसा नाइलाजाचा होता. पण त्यातूनच एक चांगली गोष्ट घडली. नाक्यावरचा कुठलाही मेकॅनिक तिचं बॉनेट उघडून तिला पुन्हा चालती करू शकायचा. परकी गाडी आपली झाली ती या दुरुस्तीतून.

स्कॉर्पिओची गोष्ट उलटी. बाजार खुला झाला, परदेशी कंपन्या आल्या, आणि जीप बनवणाऱ्या महिंद्राला स्वतःची नवी गाडी घडवणं भाग पडलं. पवन गोएंका यांच्या टीमने ती सुमारे सहाशे कोटींत उभी केली. २.६ लिटरचं टर्बो डिझेल, १०९ हॉर्सपॉवर. पद्मिनीत आपण गिऱ्हाईक होतो, इथे आपण घडवणारे झालो.

तरी स्कॉर्पिओला सरळ शंभर मार्क देता येत नाहीत. पद्मिनीत बसलेला माणूस पायी चालणाऱ्याच्या नजरेला नजर देऊ शकायचा. स्कॉर्पिओतला वरून बघतो. पुढाऱ्यांच्या ताफ्यांनी ही उंची हेरली आणि गाडीला दबदब्याचं वाहन करून टाकलं. ती रस्ता मागत नाही, घेते. तिच्याबद्दल हळहळ वाटत नाही, त्याचं एक कारण हेही असावं.

पण मालकाच्या रुबाबापायी गाडी घडवणाऱ्यांना विसरणं बरं नाही. आठवणींच्या रीलमध्ये कुर्ला असेल, तर सातपूरच्या शिफ्टला जाणारे हातही हवेत. आणि आज नवी गाडी घेताना पद्मिनीची एक गोष्ट हक्काने मागायला हवी: बिघडली, तर आपल्या गल्लीत दुरुस्त होईल का?